फक्त बाहेरून लावण्यासाठी

"उघडलेली बाटली किती टिकते, हे बाटलीवर नसतं हो, माणसावर असतं!" थेंबराव म्हणाले, आणि समोर स्टुलावर बसलेल्या मास्तरांनी मान डोलावली.

थेंबरावांचं औषधांचं दुकान होतं. दुपारी दुकान बंद असलं की भूगोलाचे मास्तर मागच्या खोलीत येऊन बसत, आणि थेंबराव जे सांगतील त्यावर मान डोलावत. हे काम ते इतक्या निष्ठेनं करत, की आपलं काही चुकू शकतं असं थेंबरावांना आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं.

"बंद बाटली काय, कुणीही टिकवेल! कपाटात टाका आणि विसरा, नातवंडांना सापडेल. खरी परीक्षा बूच निघाल्यावर! बूच निघालं की आत काय शिरतं? हवा! आणि हवा म्हणजे काय, मास्तर?"

"वारा," भूगोलाचे मास्तर म्हणाले.

"शत्रू! बाटली गळ्यापर्यंत भरलेली असेल तर शत्रूला उभं राहायला जागा नसते. वर्ष-दोन वर्षं खुशाल जातात. निम्मी झाली, की निम्म्या बाटलीत शत्रू. आणि तळाला गेली, की संपलंच! चार-सहा महिन्यांत तिचा जीव जातो. रंग तोच, पण वास गेलेला, चव गेलेली. नुसता देह उरतो, देह!"

मास्तरांनी कळवळून डोळे मिटले. "मग उपाय काय?"

"सोपा. व्हिस्की कमी होत जाईल तशी बाटली लहान करत जायची! शत्रूला जागाच द्यायची नाही. उन्हात ठेवायची नाही, आडवी करायची नाही, आणि प्यायची तर थेंबाथेंबानं. माझी बघा. उघडून चार वर्षं झाली. अजून काल बूच निघाल्यासारखी आहे!"

माणूस थेंबावर जगायचा, म्हणून तर शेजाऱ्यांनी त्यांचं नाव थेंबराव पाडलं होतं. चहात दूधसुद्धा ते ड्रॉपरनं घालतात असं लोक म्हणत. ते खोटं होतं. पण ड्रॉपर हाताशी असता तर त्यांनी घातलं असतं, यात कुणाला शंका नव्हती.

ही सगळी विद्या त्यांना ज्या बाटलीपायी आली, ती बाटली सासरेबुवांची.

सासरेबुवा वजनमापं तपासणारे सरकारी अधिकारी होते. उभा जन्म दुकानदारांना घाम फोडण्यात गेला. मुलगा बघायला म्हणून थेंबरावांच्या दुकानात आले, तेव्हा त्यांनी आधी औषधांचा तराजू बघितला, मग मापाचे पेले उजेडात धरून बघितले, आणि शेवटी, आता आलोच आहोत तर, म्हणून मुलगा बघितला. तराजू पसंत पडला. मुलाबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अजून बोललेले नव्हते! 'बसा', 'हं' आणि 'बघू' एवढ्या शब्दांत त्यांनी नोकरीही केली आणि संसारही केला. त्यातलं 'हं' जावयाच्या वाट्याला यायचं. या माणसाच्या तोंडून आपल्याबद्दल एक वाक्य ऐकावं, पूर्ण, चांगलं, क्रियापदासकट, एवढी एकच हौस थेंबरावांची राहून गेली होती.

आणि याच माणसानं, निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेली व्हिस्की जावयाच्या हाती सोपवली होती! अठरा वर्षं लाकडी पिंपात निजून उठलेली! टॉवेलात गुंडाळून, जिन्याखालच्या अंधारात उभं राहून, चोरासारखं इकडेतिकडे बघत. कारण सासूबाईंचा नियम होता, की घरात दारू आली तर मी घराबाहेर.

"उघडा," सासरेबुवा कुजबुजले. "सावकाश घ्या. शेवटचा पेग ठेवा. मी येईन. दोघं घेऊ."

जावई थक्क झाला! इतके शब्द सासरेबुवांनी एका दमात खर्च केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. आणि ते आपल्यावर! शिवाय 'दोघं'! म्हणजे एका टेबलाशी, समोरासमोर! थेंबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी त्यांनी टॉवेलानं टिपलं.

बूच निघालं त्या दिवशी मास्तर हजर होते. मागची खोली वासानं भरून गेली. मधाचा वास, जुन्या लाकडाचा वास, कुठेतरी लांब विझत आलेल्या शेकोटीचा वास! दोघंही आपोआप उभे राहिले. त्या दिवसापासून बाटलीसमोर बोलायचं ते हळू आवाजात, असा शिरस्ताच पडला. मास्तरांना फक्त वास मिळायचा. थेंबराव फार आनंद झाला किंवा फारच वाईट वाटलं तर घोटभर घ्यायचे, आणि संसारी माणसाला यातलं काही ना काही अधूनमधून होतंच. पातळी उतरली की व्हिस्की मोठ्या बाटलीतून मधल्या बाटलीत, मधलीतून खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, नरसाळ्यातून, श्वास रोखून, एक थेंब न सांडता जायची. आता शेवटच्या पेगाची वेळ जवळ आली होती, आणि ती तीन चिमुकल्या तपकिरी बाटल्यांत काठोकाठ भरून बसली होती.

या बाटल्या दुकानात ठेवायची सोय नव्हती, तिथे तपासणीला माणसं येत. म्हणून त्या घरी, औषधांच्या कपाटात, वरच्या फळीवर. घरात कुणी चुकून तोंडाला लावू नये म्हणून थेंबरावांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लेबल लिहून चिकटवलं: 'फक्त बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये.'

इथे तुम्हाला त्या घरातला लेबलाचा दरारा सांगायला हवा. थेंबरावांनी बायकोला लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, की नवऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, लेबलावर ठेव. बाईंनी दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. एकदा एका मलमावर 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' असं होतं. तर बाई उन्हाळाभर घरातली सगळ्यात थंड जागा हुडकत, मलमाची नळी घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या! अशा घरात 'पोटात घेऊ नये' लिहिलेली बाटली म्हणजे तिजोरी. कुणी पिणार नाही याची शंभर टक्के खात्री!

कुणी लावेल, हे मात्र थेंबरावांच्या डोक्यातच आलं नाही.

झालं असं, की सासूबाईंचे गुडघे फार धरले होते. सासरेबुवांच्या काही तपासण्या व्हायच्या होत्या, म्हणून त्या एकट्याच लेकीकडे पुढे आल्या. मागून सासरेबुवांचा निरोप आला: 'रविवारी येतो.' बाकीच्यांना त्याचा अर्थ एवढाच लागला, की ते रविवारी येतात. थेंबरावांना उरलेला अर्थही लागला. शुक्रवारभर त्यांनी दुकानात गिऱ्हाइकांना जरा जास्तच हसून गोळ्या दिल्या, आणि संध्याकाळी शीळ घालत घरी निघाले.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि शीळ थांबली.

वास!

जिन्यात! जिथे एरवी तळलेल्या कांद्याचा आणि ओल्या पायपुसण्याचा वास असायचा, तिथे मध, जुनं लाकूड आणि लांबची शेकोटी! थेंबराव नकळत टोपी काढतात तसा हात डोक्याकडे नेऊन उभे राहिले. मग ते धावत सुटले.

आत सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या, पाय समोरच्या स्टुलावर. बायको त्यांचा गुडघा चोळत होती. गुडघा सोन्यासारखा चकाकत होता.

"अहो, तुमचं हे औषध काय हो!" बायको म्हणाली. "वरच्या फळीवर होतं. मी लेबल वाचलं, बाहेरून लावायचं. म्हटलं आईला लावून बघू."

"किती?" थेंबरावांनी विचारलं.

"अख्खी बाटली. दोन गुडघे आहेत ना!"

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज कापत होता, "हे बघा!"

आणि त्या उठल्या! कुणाचा हात न धरता! दोन वर्षं जी बाई दर पावलाला सुस्कारा टाकत होती, ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, भिंतीला हात लावून परत आली, आणि वर पुन्हा म्हणाली, "एकदा अजून जाऊन येऊ?"

बायकोनं तोंडावर हात ठेवला. थेंबरावांनीही ठेवला, पण त्यांची कारणं वेगळी होती.

"वासानंच निम्मं दुखणं पळालं बघा," सासूबाई म्हणाल्या. "काय आहे यात?"

"जुनं आहे," थेंबराव म्हणाले. "खूप जुनं."

तुम्ही म्हणाल, सासूबाईंना वास ओळखू कसा आला नाही? तर त्याचं असं, की सासरेबुवा पूर्वी बाहेर मित्रांबरोबर घेऊन यायचे, आणि येताना तोंडात मूठभर वेलची टाकून यायचे. त्यामुळे सासूबाईंच्या लेखी दारूचा वास म्हणजे वेलचीचा वास! चहात वेलची पडली की त्या अजून संशयानं सगळ्यांची तोंडं बघत. व्हिस्कीचा खरा वास त्यांच्या नाकाला नवा होता. आणि औषधवाल्याच्या बायकोला स्पिरिटाच्या वासाचं कसलं आलंय कौतुक?

खरं सांगून टाकावं, तर सासरेबुवांची अब्रू जाते. ती बाटली कुठून आली, टॉवेलात कुणी गुंडाळली, सगळं बाहेर येणार, आणि सासूबाई आता गुडघे बरे झाल्यामुळे खरोखर घराबाहेर पडू शकत होत्या! थेंबराव गप्प बसले. उरलेल्या दोन बाटल्या हळूच उचलाव्यात म्हणून कपाटाशी गेले, तर फळी रिकामी.

"त्या मी उशाशी घेतल्यात," सासूबाई म्हणाल्या. "असलं औषध असं उघड्यावर ठेवतात होय?"

शनिवारी सकाळी थेंबराव दुकानातून सांधेदुखीचं खरंखुरं तेल घेऊन आले. तशाच तपकिरी बाटल्या, तसंच लेबल.

"आई, त्या जुन्या बाटल्या द्या. ताजं औषध आणलंय."

"असू दे हो. जुनंच बरं आहे."

"अहो, पण ते टिकत नाही!" थेंबराव काकुळतीला आले. "उघडलेली बाटली टिकत नाही, आई! हवा लागते! गुण उडून जातो!"

सासूबाईंनी उशाखालून बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाशी धरली. "बघा. गेलाय कुठे गुण?"

थेंबरावांनी वास घेतला. आणि काय सांगावं, त्या संकटातसुद्धा त्यांची छाती फुगली! चार वर्षं! चार वर्षं उघडी राहून ती तशीच्या तशी होती, जशी पहिल्या दिवशी! आपण हे केलं! हे आपल्या हातून झालं!

"नाही गेला," ते हळूच म्हणाले.

"मग? आणि तुमच्या या ताज्याला औषधाचा वास येतोय."

"आई, ते औषधच आहे!"

"म्हणून तर नको," सासूबाई म्हणाल्या आणि बाटली पुन्हा उशाखाली गेली.

तोवर वरच्या मजल्यावरच्या काकू वास घेत घेत खाली आल्या होत्या. काकूंची कंबर अशी होती, की त्या बोलायच्याही वाकून. सासूबाईंनी त्यांना पालथं घातलं आणि दुसरी बाटली उघडली. सासूबाईंच्या हातात जोर तरी काय होता! जन्मभर कणीक तिंबलेले हात! कपडे दगडावर आपटलेले हात! त्यांनी काकूंची कंबर अशी रगडली, की कंबरेला दुखायची हिंमत झाली नाही. काकू उठल्या तेव्हा ताठ उभ्या होत्या. वर चढताना त्यांनी कठड्याला हात लावला नाही. जिन्यात जमलेली माणसं बाजूला सरून, माना वर करून, त्यांच्याकडे बघत राहिली.

थेंबरावांना स्वतःलासुद्धा शंका यायला लागली. आपण नुसती पीत बसलो, हिच्यात खरंच काही असेल का?

पण शंकाकुशंका करायला वेळ नव्हता. एकच बाटली उरली होती, आणि ती म्हणजे नेमका एक पेग. दोघांत अर्धा अर्धा. दुपारी त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत मास्तरांना गाठलं.

"मास्तर, तुमचा खांदा दुखतोय."

"नाही हो, छान आहे."

"दुखतोय! मरणाचा दुखतोय! घरी जा, आईंना सांगा, आणि बाटली मागून आणा. म्हणावं, मी घरी लावून घेईन. जा, माझी इज्जत तुमच्या खांद्यावर आहे!"

मास्तर मान डोलावून गेले. बऱ्याच वेळानं परत आले. शर्टाची बटणं वरखाली लागली होती, चेहरा कुठल्या तरी दुसऱ्याच जगात होता, आणि त्यांच्याबरोबर खोलीत मध आला, लाकूड आलं, शेकोटी आली.

"बाटली?" थेंबराव ओरडले.

"दिली नाही. म्हणाल्या, पुरुषांना चोळता येत नाही. बसा इथे." मास्तरांचे डोळे भरून आले. "थेंबराव, इतकी वर्षं तुम्ही मला नुसता वास दिलात. आज पहिल्यांदा ती माझ्या अंगाला लागली हो!"

"किती लावली?"

"निम्मी," असं म्हणून मास्तरांनी मान वाकडी केली, जीभ बाहेर काढली, आणि स्वतःच्या खांद्यापर्यंत ती पोचते का ते बघायला लागले. पोचेना. त्यांनी आणखी जोर केला. मानेत कट्‌ असा आवाज झाला.

"थेंबराव," मास्तर तसेच वाकड्या मानेनं म्हणाले, "अडकली."

आता असा माणूस घरी कसा पाठवणार? थेंबराव त्यांना हाताला धरून आपल्याच घरी घेऊन गेले, आणि आपल्याच डोळ्यांदेखत, आपल्याच सासूबाईंच्या हातून, उरलेल्यातली निम्मी मास्तरांच्या मानेवर गेलेली त्यांनी पाहिली. मान सुटली! सुटल्याबरोबर मास्तरांनी ती सवयीनं डोलावली.

बाटलीत आता तळाशी जेमतेम पाऊण इंच व्हिस्की उरली, आणि वरची सगळी बाटली शत्रूनं भरलेली. वर ती सासूबाईंच्या उशाखाली, आडवी!

रविवारी सकाळी सासरेबुवा आले. अंगानं उतरले होते. हातातली पिशवी त्यांनी दाराशी ठेवली, पाठीला हात लावून हळूच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हं."

थेंबरावांनी मन घट्ट केलं. काय व्हायचं ते होऊ दे! या माणसानं एक गोष्ट सांभाळायला दिली होती, एकच, आणि ती आपण गुडघ्यांवर, कंबरेवर आणि भूगोलाच्या मास्तरांवर घालवली. त्यांनी सासरेबुवांना गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

"बाबा, मला काही सांगायचंय. त्या बाटलीबद्दल."

"आधी मी," सासरेबुवा म्हणाले.

ते कठड्याला धरून रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खाली मान घातली. ज्यांनी आयुष्यात कधी कुठल्या दुकानदारापुढे मान खाली घातली नव्हती, त्यांनी!

"डॉक्टरांनी बंद केली. कायमची. एक थेंबसुद्धा पोटात जाता कामा नये म्हणाले." त्यांचा आवाज बसला. "मी तुम्हाला शब्द दिला होता. चार वर्षं वाट बघितली, जावईबापू. रोज. मनात म्हणायचो, आहे ती तिकडे, नीट आहे. आता माझंच माप कमी भरलं. तुम्ही एकटे घ्या. मी समोर बसतो."

थेंबरावांनी मनातल्या मनात शब्द मोजले. केवढं बोलले! क्रियापदांसकट! आणि कशासाठी, तर माफीसाठी! आपल्याकडे! या माणसाला आता ती बाटली दाखवायची कशी, हेच त्यांना सुचेना. तेवढ्यात गॅलरीचं दार धाडकन उघडून सासूबाई बाहेर आल्या.

"अहो, पाठ धरलीय ना तुमची? चला, पालथे व्हा. जावईबापूंचं औषध लावू. आणि जावईबापू, कालपासून चोळून चोळून माझे हात भरून आलेत, आज तुम्हीच लावा."

सासऱ्याची पाठ! ज्या पाठीकडे बघून दुकानदार सुटकेचा श्वास सोडत, ती पाठ पलंगावर उघडी, आणि जावई शेजारी गुडघे टेकून बसलेला! बायकोनं उशाखालून बाटली काढून दिली. थेंबरावांनी ती दोन्ही हातांत घेतली. त्यांनी झाकण फिरवलं.

वास सुटला. थोडीशीच उरली होती, पण सुटला! मध, जुनं लाकूड, लांबची शेकोटी!

सासरेबुवांची पाठ एकदम ताठ झाली. उशीत खुपसलेलं डोकं सावकाश वर आलं. नाकपुड्या हलल्या. मग डोकं बाजूला वळलं, आणि एक डोळा थेंबरावांवर येऊन थांबला. थेंबरावांना वाटलं, आता जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"हे काय आहे?" सासरेबुवांनी विचारलं.

"औषध आहे हो!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "माझे गुडघे बघा! वरच्या काकू तर पळायला लागल्यात. मास्तरांची मान सुटली. तीन बाटल्या होत्या, ही शेवटची."

"तीन," सासरेबुवा म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ ते मिटलेलेच राहिले. "लेबल काय म्हणतं?"

बायकोनं बाटली उजेडात धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "फक्त बाहेरून लावण्यासाठी. पोटात घेऊ नये."

थेंबराव श्वास घ्यायचे थांबले.

"मग," सासरेबुवा म्हणाले, "डॉक्टरांची काही हरकत नसावी."

आणि त्यांनी डोकं पुन्हा उशीवर टेकलं!

थेंबरावांनी बाटली त्यांच्या पाठीवर उपडी केली. शेवटच्या थेंबापर्यंत. दोन्ही तळव्यांनी चोळायला लागले.

"वर," सासरेबुवा म्हणाले. "अजून वर. मानेकडे. नाकाच्या बाजूनं."

थेंबराव वर सरकले. सासरेबुवांनी छाती भरून श्वास घेतला, आत ठेवला, आणि इतक्या सावकाश सोडला, की चार वर्षं त्यांनी तो धरून ठेवला असावा असं वाटलं. त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं एक थेंब ओघळून उशीत गेला.

"रडताय काय हो?" सासूबाई घाबरल्या. "फार झोंबतंय का?"

"नाही," सासरेबुवा म्हणाले. मग जावयाला तेवढं ऐकू जाईल अशा बेतानं ते पुटपुटले, "हवा लागलेली नाही, जावईबापू. जशी दिली तशी आहे. इतकं चोख कुणी काही सांभाळलेलं मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितलं नाही."

वाक्य! पूर्ण! चांगलं! थेंबरावांच्या कानात घंटा वाजल्या. डोळ्यांपुढची पाठ धूसर झाली. भरून आलेल्या मनानं ते उठले आणि दाराशी गेले. आता एकच गोष्ट राहिली होती. दोघं घेऊ, असं ठरलं होतं. सासऱ्यानं आपला वाटा घेतला, जावयाचा अजून त्याच्या दोन्ही तळव्यांवर ओला चमकत होता. इकडेतिकडे बघत थेंबरावांनी ओंजळ हळूहळू तोंडाकडे नेली.

"अहो, अहो, अहो!"

बायकोनं झडप घालून त्यांची मनगटं धरली. "हात काय तोंडाला लावताय? औषध आहे ते! पोटात जाईल!"

"अगं, जरासं..."

"जरासं काय? लेबल कुणी लिहिलंय? तुम्हीच ना? आणि तुम्हीच असं करायचं?" तिनं त्यांना ओढत बेसिनशी नेलं, नळ सोडला आणि साबण हातात कोंबला. "चांगला फेस येऊ दे."

फेस आला. पाण्याबरोबर अठरा वर्षं वाहून गेली, वर चार वर्षं गेली. बायकोनं त्यांचे तळवे उलटेसुलटे करून बघितले, मग नाकाशी नेले, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक दाटून आलं.

"अगंबाई! साबणानंसुद्धा जात नाही!" ती म्हणाली. "किती टिकाऊ आहे हो तुमचं औषध!"

"आहे," थेंबराव म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा साबण लावला.